जाग आली, पण अंग हलत नाही



पहाटे तीन-चारच्या सुमारास अचानक जाग येते. डोळे उघडे असतात. कपाट, खिडकी, शेजारी झोपलेले माणूस, सारे काही दिसत असते. परंतु हात उचलत नाही, मान वळत नाही, हाक मारावी तर घशातून आवाज फुटत नाही. दाराशी कोणीतरी उभे आहे असे वाटते, मग ते छातीवर येऊन बसते. काही क्षणांनी सारे सुटते आणि माणूस घामाघूम होऊन उठून बसतो.

आपल्यापैकी काहींना हा अनुभव एखाद-दुसऱ्या वेळी आलेला असेल. काहींना मात्र तो पुन्हा पुन्हा येतो. अशी माणसे सहसा कोणाशी बोलत नाहीत. घरचे वेडात काढतील किंवा 'बाहेरचे काही लागले' म्हणतील, ही भीती असते. म्हणून आज आपण या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

१. हे नेमके काय आहे?

वैद्यकशास्त्रात याला 'स्लीप पॅरालिसिस' म्हणजे झोपेतील पक्षाघात म्हणतात. नावात पक्षाघात असला तरी हा लकवा नव्हे. लकव्यात मेंदूला इजा होते. येथे तशी कोणतीच इजा होत नाही.

१९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी झोपेची एक विशेष अवस्था जगापुढे मांडली. या अवस्थेत बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात व ठळक स्वप्ने पडतात. तिला 'रेम' झोप म्हणतात. साधारण दर दीड तासाने ती येते आणि पहाटेकडे अधिक वेळ टिकते. स्वप्नात आपण धावतो, भांडतो. पण अंथरुणात मात्र शांत पडून असतो. कारण मेंदूचा खालचा भाग त्या वेळी हातापायांच्या स्नायूंना जणू कुलूप लावतो. हे कुलूप आपल्या रक्षणासाठीच आहे.

कधीकधी मन आधी जागे होते आणि कुलूप उघडायला थोडा उशीर होतो. तेवढ्या काळात खोली खरी दिसते, पण अर्धवट राहिलेले स्वप्नही तिच्यात मिसळते. छातीवरच्या ओझ्याचे कारणही हेच. या अवस्थेत फासळ्यांमधील स्नायू सैल पडलेले असतात. मुद्दाम खोल श्वास घ्यावा तर घेता येत नाही आणि कोणी दाबत आहे असे वाटते. श्वासाचा मुख्य पडदा मात्र काम करीत असतो. म्हणून जीव गुदमरल्यासारखा वाटला तरी श्वास चालूच राहतो. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, हे सारे आपोआप संपते.

२. अनुभव एक, नावे अनेक

१६६४ साली एका डच डॉक्टराने असा अनुभव येणाऱ्या स्त्रीची हकिकत लिहून ठेवली. जपानमध्ये याला 'कानाशिबारी' म्हणतात. कॅनडातील न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण छातीवर बसते असे सांगतात, तर इटलीच्या आब्रुझो भागात 'पांडाफेके' नावाची. आपल्याकडे कोणी हडळ म्हणते, कोणी मुंज्या. अंग जखडणे सगळीकडे सारखेच असते. समोर दिसणारी आकृती मात्र ज्याने त्याने लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतून येते.

२०११ साली ३५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात सर्वसाधारण लोकांपैकी शेकडा सुमारे ८ जणांना आणि विद्यार्थ्यांपैकी शेकडा सुमारे २८ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचे दिसले. तेव्हा असे होणारे आपण एकटे नाही.

३. खरा धोका कशात आहे?

धोका त्या दोन मिनिटांत नाही. नंतरच्या भीतीत आहे. पुन्हा तसे होईल म्हणून माणूस झोप टाळतो. झोप कमी झाली की अनुभव आणखी वाढतो आणि भीती दुप्पट होते. अशाच वेळी कोणीतरी भगताचा पत्ता देते. पैसा जातो आणि बहुधा एखाद्या सुनेवर किंवा तरुण मुलीवर 'झपाटलेली' असा शिक्का बसतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या धर्मसभेची शिकवणही स्पष्ट आहे. आजार ही वेगळी बाब असून त्याचा उपचार वैद्यकशास्त्राने करावयाचा, असे १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे. म्हणून प्रार्थना जरूर करावी, पण डॉक्टरांकडे जाणे टाळण्यासाठी नव्हे. आणि असा अनुभव आला म्हणजे आपले काही पाप भोवले, असे मुळीच समजू नये.

४. काय करावे?

* त्या क्षणी: झटापट करू नये, त्याने घाबरणे वाढते. 'हे कुलूप आहे, आता उघडेल' असे मनात म्हणावे. लक्ष आकृतीवरून काढून प्रिय व्यक्तीच्या चेहऱ्यावर किंवा प्रार्थनेच्या एखाद्या ओळीवर ठेवावे. मेंदूशास्त्रज्ञ बालंद जलाल यांनी २०१६ मध्ये अशीच पद्धत मांडली. २०२० च्या १० रुग्णांवरील एका छोट्या प्रयोगात, ही पद्धत शिकलेल्यांमध्ये त्रासाचे दिवस सुमारे निम्म्याने घटले.
* सुटल्यावर: लगेच पुन्हा आडवे होऊ नये. दिवा लावावा, पाणी प्यावे, थोडे चालावे.
* रोज: झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. उताणे न झोपता कुशीवर झोपावे, कारण उताणे झोपल्यावर हा अनुभव अधिक येतो. परीक्षेची जागरणे आणि पाळीची ड्युटी करणाऱ्यांनी झोपेचे तास भरून काढावेत.
* घरच्यांनी: हसू नये, घाबरवू नये. हलकेच हात लावला किंवा नावाने हाक मारली तरी पुष्कळदा अंग सुटते.
* डॉक्टरांकडे कधी? त्रास वारंवार होत असेल, झोपायचीच भीती वाटत असेल किंवा मोठ्या आघातानंतर हे सुरू झाले असेल, तर जरूर जावे. दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल, किंवा मोठ्याने हसताना गुडघे एकदम लुळे पडत असतील, तर विलंब करू नये. तो 'नार्कोलेप्सी' हा निराळा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरात असा अनुभव कोणाला आला आहे का? तो त्यांनी आजवर का सांगितला नाही?

२. मुलांना झोपवताना आपण त्यांना कशाची भीती घालतो?

३. शेजारच्या घरात कोणावर 'झपाटलेली' असा शिक्का बसत असेल, तर त्या घरी जाऊन आपण काय बोलू?