दाजींचं डिस्चार्ज बुक

चिरंजीव बाळास,

तू पाठवलेले दाजींच्या डिस्चार्ज बुकाचे फोटो मिळाले, राहिलेल्या मेडलांच्या नोंदींसाठी केलेल्या अर्जाचा मसुदाही मिळाला. फोनवर सांगत बसलो तर निम्मं तू विसरशील आणि निम्मं मी, म्हणून लिहूनच कळवतो.

अर्जाची भाषा झकास आहे. गावच्या सत्काराला वाचलास तर टाळ्या पडतील. पण पाच पानांत दाजींचा आर्मी नंबर एकदाच येतो, तोही शेवटी सहीखाली. रेकॉर्ड ऑफिसात तो लिफाफा फोडणारा क्लार्क तुझ्याच वयाचा असेल, त्याच्यापुढे अशा अर्जांची चळत असेल, आणि त्याला देशप्रेम शिकवायची गरज नाही, वर्दी तोही घालतो. त्याला हवं ते थोडकं असतं: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कोणती नोंद राहिली ते एका वाक्यात. मी नोकरी याच टेबलामागे केली, म्हणून सांगतो. ज्या अर्जात मुद्दा शोधावा लागतो तो अर्ज 'नंतर बघू'च्या ढिगात जातो. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो.

डिस्चार्ज बुक म्हणजे मूळ रेकॉर्ड, असं तू धरून चाललायस. तसं नाही. सैनिकाची खरी नोंद राहते शीट रोलमध्ये, आणि शीट रोलमध्ये काही चढवायचं तर त्याआधी पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. लग्न झालं, पोर झालं, कोर्स केला, बदली झाली, मेडल मिळालं, सगळ्याची पार्ट टू ऑर्डर. आपल्या शेतीच्या भाषेत, शीट रोल हा सातबारा आणि पार्ट टू ऑर्डर हा फेरफार. बुक ही निघताना हातात ठेवलेली नक्कल. फेरफारच झाला नसेल तर नकलेवरून भांडून उपयोग काय?

म्हणून पहिला प्रश्न हा, की नोंद नक्की कुठे अडली. ऑर्डर निघाली, शीट रोलवर चढली आणि बुक भरताना लिहायची राहिली, असं असेल तर काम सोपं आहे. त्या काळी बुकं हातानं भरत. पेन्शनीच्या तारखेआधी एकेका खेपेला कितीतरी जवानांची कागदपत्रं तयार करायची असत आणि पदकांच्या रकान्यात एखादी ओळ गळणं नवलाचं नव्हतं. पण ऑर्डरच निघाली नसेल तर आधी हक्क सिद्ध करावा लागतो, आणि त्याचा अर्ज वेगळा. तू दोन्हींची खिचडी केली आहेस. पहिल्या पत्रात फक्त माहिती माग: शीट रोलवर पदकांच्या कोणत्या नोंदी आहेत, आणि त्या कोणत्या पार्ट टू ऑर्डरनं झाल्या. दुसरं पत्र त्याचं उत्तर आल्यावर.

आता दाजींचा रकाना बघू. त्यात संग्राम मेडल आहे, क्लास्पसह सैन्य सेवा मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे. पूर्वी स्टार नाही, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडलही नाही. नऊ वर्षांच्या मेडलाची चिंता करू नकोस. भरती १९६४, डिस्चार्ज १९८१, दोन्ही तारखा त्याच बुकात आहेत, हिशेब कुणीही करील. खरा गुंता पूर्वी स्टारचा आहे. १९७१ च्या लढाईसाठी पूर्वेकडच्या आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या आघाडीला पश्चिमी स्टार, आणि प्रत्यक्ष आघाडीवर नसलेले पण त्या काळात नोकरीत असलेले जे होते त्यांनाही संग्राम मेडल, अशी ती योजना. म्हणजे दाजी त्या काळात सैन्यात होते हे कागदाला मान्य आहे. ते पूर्वेला होते हे मात्र त्या कागदाला माहीत नाही.

हे कसं झालं असेल? बुकातल्या बदल्यांच्या तारखा बघ. डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यानंतर दाजी पलटणीच्या स्ट्रेंथवर नाहीत. इस्पितळ, मग सेंटरची डेपो कंपनी, मग १९७२ मध्ये दुसरीच पलटण. ढाक्याला १६ डिसेंबरला शरणागती झाली. मेडलांसाठी पलटणींनी नॉमिनल रोल, म्हणजे नावांच्या याद्या, केल्या त्या त्यानंतर, जे हजर होते त्यांना समोर ठेवून. जुन्या पलटणीनं म्हटलं असेल, हा आता आपल्याकडे नाही. नवी पलटण म्हणाली असेल, हा आपल्याबरोबर तिकडे नव्हता. दोन्ही हेडक्लार्क आपापल्या जागी बरोबर आणि मधल्या मध्ये माणूस गळाला. जखमी होऊन मागे आलेल्या जवानांच्या बाबतीत मी हे अनेकदा पाहिलं आहे. तेव्हा अर्जात 'अन्याय' हा शब्द काढून टाक. त्याऐवजी लिही: अमुक तारखेपर्यंत अमुक पलटणीत, अमुक तारखेला इस्पितळात दाखल, म्हणून नॉमिनल रोलमध्ये नाव राहिलं असण्याची शक्यता आहे, कृपया पडताळावं. क्लार्कला धागा मिळाला की तो ओढतो.

आणि तुझ्या लक्षातच न आलेली गोष्ट तुझ्याच तिसऱ्या फोटोत आहे. 'ओळखीच्या खुणा' या सदरात, शाई फिकी झालीय, पण मोठं करून बघितलं तर वाचता येतं: डाव्या पोटरीवर जखमेचा व्रण. भरतीच्या वेळचा तीळ वरच्या ओळीत वेगळा लिहिला आहे, म्हणजे व्रण नंतरचा. दाजी थंडीत ती पोटरी चोळत बसतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. विचारलं की 'मॉर्टरची किरच' एवढं म्हणतात आणि विषय बदलतात. शत्रूच्या थेट माऱ्यात जखमी झालेल्या सैनिकासाठी वेगळं पदक आहे. पलटणीत त्याला वुंड मेडल म्हणतात, कागदोपत्री पराक्रम पदक. १९७१ चे जखमी सैनिकही ते छातीवर लावतात. तुझ्या पाच पानांत त्याचा उल्लेखही नाही! नुसत्या व्रणावरून किरच शत्रूची होती हे ठरत नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं. लढाईत जखमी झालेल्या माणसाची बॅटल कॅज्युअल्टी म्हणून पार्ट टू ऑर्डर निघालेली असते, मिलिटरी हॉस्पिटलची कागदपत्रं मेडिकल डॉक्युमेंट्समध्ये लागलेली असतात. ती ऑर्डर सापडली तर पूर्वी स्टारचा प्रश्नही त्याच कागदानं सुटेल. जो पूर्वेच्या आघाडीवर जखमी झाला तो पूर्वेच्या आघाडीवर होताच ना.

एवढं सोडून तू चार पानं खर्च केलीस सेना मेडलावर. रीयुनियनमध्ये दाजींच्या जोडीदारानं सांगितलं की सीओ साहेबांनी नाव लिहून पाठवलं होतं. पाठवलं असेल, मी खोटं म्हणत नाही. पण शिफारस म्हणजे पदक नव्हे. शौर्यपदकाचं सिटेशन पलटणीतून निघालं की ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत दिल्लीला जातं आणि प्रत्येक पायरीवर नावं गळतात. शेवटी जे उरतं ते भारताच्या राजपत्रात छापलं जातं. राजपत्रात नाव असेल आणि बुकात नसेल तर ती नोंदीची चूक, ती दुरुस्त होते. राजपत्रातच नसेल तर दुरुस्त करायला काही नाही. तू नवीन पदक मागतो आहेस, तेही पन्नासहून अधिक वर्षांनी. मोहिमेचं पदक निकषात बसणाऱ्या प्रत्येकाचा हक्क असतो, शौर्यपदक हा वरिष्ठांचा निर्णय असतो. एका अर्जात दोन्ही घातलीस तर वरच्या शंकेखाली खालचा हक्क दबून जाईल. शिवाय शौर्यपदकाला भत्ता आहे, राज्य सरकारचं अनुदान आहे, त्यामुळे तिथली छाननी कडक असते आणि असायलाच हवी. आणि एक विचारू? दाजींनी स्वतः कधी 'मला सेना मेडल मिळायला हवं होतं' असं म्हटलंय? मी तरी इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही. ती पानं फाड.

आता थोडं व्यवहाराचं. अर्ज दाजींच्या नावानं, दाजींच्या सहीनं जाऊ दे. ते हयात असताना मुलानं त्यांची वैयक्तिक माहिती मागितली तर तिऱ्हाइताची माहिती म्हणून नकार येऊ शकतो. मूळ बुक पोस्टानं कुठेही पाठवू नकोस, कुणी कितीही गोड बोलून मागितलं तरी. छायांकित प्रती जोड, त्यावर दाजींची सही घे. स्पीड पोस्टची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेव. पत्ता नीट बघ. ज्या रेजिमेंटचा माणूस, त्याच रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. आपल्याकडे मराठी जवान म्हटला की बेळगाव असं धरून चालतात. गावातला एक तोफखान्याचा नायक असाच बेळगावला जाऊन हात हलवत परत आला होता.

अर्जाची एक प्रत साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दे आणि त्यांचं शिफारसपत्र लावून घे. त्यांना निर्णयाचा अधिकार नाही, पण पाठपुरावा करायला सरकारी शिक्का उपयोगी पडतो. वाजवी वाट पाहूनही उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि तीस दिवसांची मुदत. तिथे फक्त असलेल्या कागदाची प्रत मागायची. 'मेडल का दिलं नाही' असा प्रश्न तिथे विचारू नकोस, कारणं शोधून देणं त्यांचं काम नाही. मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं पीठ आहे, पण लेखी नकार हातात आल्याशिवाय तिकडचं नावही काढू नकोस. आणि 'मेडल काढून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. या कामाला फी नसते.

दाजी पेन्शनर आहेत हे आपलं नशीब. पेन्शनीविना बाहेर पडलेल्या जवानांची सेवाकागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, मागे राहतो तो फक्त लाँग रोल, म्हणजे त्रोटक नोंदवही, आणि त्यावरून मेडल सिद्ध करणं फार अवघड. दाजींचा शीट रोल शाबूत असायला हवा.

घरी आणखी दोन गोष्टी कर. आक्काच्या ट्रंकेत जी मेडलं आहेत त्यांच्या कडा भिंगाखाली वाच. खऱ्या मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. तो नंबर बुकातल्या नंबराशी अक्षरानं अक्षर जुळतो का ते बघून मला कळव. दुसरं, बुकातलं नाव आणि आधारवरचं नाव सारखं आहे का तेही बघ. नसेल तर ती दुरुस्ती आत्ता काढू नकोस, पण अर्जात नाव बुकात आहे तसंच लिही.

नोंद झाली म्हणजे पंधरवड्यात मेडल पोस्टानं येईल असं मात्र समजू नकोस. सेवापदकांचा तुटवडा जुनाच आहे. नोकरीतली मुलंसुद्धा परेडसाठी कॅम्पातल्या दुकानातून प्रतिकृती विकत आणून लावतात. नोंद झाल्यावर तूही आण, त्यात कमीपणा नाही. नोंदीआधी मात्र एकही फीत दाजींच्या कोटावर चढवायची नाही, मग प्रजासत्ताक दिनाला सरपंच कितीही आग्रह करो.

आणि हे सगळं करण्याआधी दाजींना विचार. 'कशाला आता' म्हणतील, ते गृहीत धर. त्या दिवशी बरोबरचे कोण कोण गेले ते त्यांना आठवत असेल, तेव्हा घाई करू नकोस, बोलू दे. तारीख, ठिकाण, कोणत्या इस्पितळात नेलं, बरोबर कोण होतं, ते बोलतील तसं टिपून ठेव. मागाहून त्यातलंच काहीतरी उपयोगी पडतं. ठाम नको म्हणाले तर थांब. मेडल त्यांचं आहे, तुझं नव्हे.

हो म्हणाले तर अर्ज एका पानाचा कर आणि सही याच महिन्यात घे. ते ऐंशीच्या घरात आहेत. सैनिकानं स्वतः मागितलं तर सही आणि नंबर पुरतो, वारसानं मागायचं तर मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मामा