हंटर आयोगापुढील निवेदन आणि खेड्यांतील शाळा

इ. स. 1882 मध्ये लॉर्ड रिपन यांच्या सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी पुण्याहून लेखी निवेदन सादर केले. इंग्रजी अमदानीत खेड्यांतील शिक्षणाची स्थिती काय होती, हे जाणू इच्छिणाऱ्या शिक्षकाने ते मुळातून वाचावे.

मुंबई इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कोणतीच सोय नाही, असे त्यात नमूद आहे. वरच्या वर्गास उच्च शिक्षण दिले की ते आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवर सरकारची भिस्त होती. जोतीरावांचा प्रश्न सरळ होता : सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, मग त्यातून रयतेच्या पदरी काय पडते? शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड शेतकरी निमूटपणे भरीत होता, आणि त्याचे मूल गुरांमागे हिंडत होते. शाळेत आलेले थोडे विद्यार्थीही गरिबीमुळे टिकत नसत. यास्तव निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे आणि मागासलेल्या वर्गांतील मुलांस शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, अशी त्यांची मागणी होती.

शिक्षकाविषयीचा भाग विशेष मननीय आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्याची त्यास लाज वाटू नये. त्याचे वेतन दरमहा बारा रुपयांहून कमी नसावे. मोठ्या गावी पंधरा ते वीस असावे. गावच्या टपालाचे किंवा मुद्रांकविक्रीचे काम देऊन त्याच्या प्राप्तीत भर घालावी, असेही सुचविले होते. (पुढे अशी जादा कामे शिक्षकाच्या माथी आली खरी, मात्र प्राप्तीची भर त्या मानाने आली नाही.) मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य असा अभ्यासक्रम त्यांनी मांडला.

तपासणी अधिकाऱ्यांसही त्यांनी सोडले नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा उपयोग नाही. दर तिमाहीस तपासणी व्हावी, शिवाय पूर्वसूचना न देता शाळा पाहाव्यात. सजविलेली शाळा आणि रोजची शाळा यांतील अंतर त्यांना ठाऊक होते, कारण 1848 पासून त्यांनी स्वतः काही वर्षे शाळा चालविल्या होत्या.

आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपविण्याची शिफारस केली. सक्ती मात्र आली नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात ती सुरू केली व 1906 मध्ये राज्यभर नेली. गोपाळ कृष्ण गोखले यांचे 1911 चे विधेयक मात्र मध्यवर्ती कायदेमंडळात 1912 साली 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा पुण्याच्या त्या निवेदनास पस्तीस वर्षे होत आली होती.