अध्ययन-अक्षमता की परकी भाषा?

आपल्या नियतकालिकात मराठी व कन्नड विभाग शेजारी नांदतात. तेव्हा घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा प्रश्न वाचकांना नवा नाही. मी लिहितो आहे तो मात्र मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौसरविषयी. हा संत्र्यांचा मुलूख. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, हे तालुके मध्य प्रदेशातच राहिले; २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरोघर वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळा बहुतांशी हिंदी.

कन्नड शाळेत मराठी मूल अडले, तर लिपीच निराळी आहे हे गुरुजींना दिसते. इथे लिपी एकच, म्हणून अडचण झाकली जाते. 'केला' हा शब्द घ्या. हिंदीत ते फळ, मराठी मुलाच्या कानी क्रियापद! फळाला पुस्तकी मराठीत केळे, घरी केय. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून मूल 'मेरा पुस्तक' लिहिते. अशा चुकांना नियम असतो. त्या वर्गातील अनेक वह्यांत सापडतात व सरावाने ओसरतात.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचे तसे नसते. एकच शब्द ते एका पानावर तीन तऱ्हांनी लिहील, जोडाक्षर गाळील, वेलांटी भलतीकडे देईल. तोच धडा तोंडी सांगा, चटकन समजतो. १९९५ च्या कायद्यात या अक्षमतेचा समावेश नव्हता. तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने केला. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची २०१५ मधील 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजीत आहे. केवळ हिंदीत तपासले, तर धडधाकट मराठी मूल नाहक अक्षम ठरायचे. उलट चूक मला अधिक घातक वाटते, कारण ती मायेच्या सुरात होते: 'घरी मराठी बोलतो ना, येईल हळूहळू.' अशा वाट पाहण्यात वर्षे जातात आणि मुलावर 'ढ' हा शिक्का बसतो.

म्हणून सराव-पाठांच्या काळात मी छात्राध्यापकांना एक वही ठेवायला सांगतो. एकाच मुलाच्या चुका, डाव्या पानावर हिंदी, उजव्या पानावर मराठी. लिपी एक असल्याचा इथे फायदाच होतो. मराठीचे चार सोपे परिच्छेद त्याच्यापुढे ठेवता येतात. चुका डावीकडेच असतील तर हिंदी भाषा शिकवावी. दोन्ही पाने भरली तर आईवडिलांशी मराठीत बोलून मुलाला तपासणीस पाठवावे, आणि तोवर त्याला वर्गात मोठ्याने वाचायला उभे करू नये.