कुटुंबाचे दप्तर आणि वाढती साठवणपेटी : उल्हास खोऱ्यातील तीन शहरांसाठी नियोजन

उल्हास नदी खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर या मार्गाने कल्याणच्या खाडीस मिळते. अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी कल्याणजवळ तिला येऊन मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या दिवशी या खोऱ्यातील सखल वस्त्यांच्या तळमजल्यांतही पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. पूर ओसरल्यावर भांडी धुऊन घेता येतात, धान्य पुन्हा भरता येते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात भिजून चिकटलेले कागद आणि छायाचित्रे मात्र परत मिळत नाहीत.

या तीन शहरांत कागदांचे मोल काही निराळेच आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथील वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. मागे राहिलेल्या घराजमिनींच्या दाव्यांसाठी १९५० साली, तर भरपाई व पुनर्वसनासाठी १९५४ साली केंद्राने कायदे केले. त्या काळातील दाव्यांचे कागद, वाटपपत्रे आणि अरबी वळणाच्या सिंधी लिपीतील पत्रे काही कुटुंबांनी जपून ठेवली आहेत. ती लिपी नातवंडांना वाचता येत नाही, एवढ्याच कारणाने ती रद्दीत जाण्याचा धोका मोठा आहे. पुढे उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा जुन्या कागदांची गरज नव्याने जाणवली. अंबरनाथ आणि बदलापूर येथे कारखान्यांमुळे व मुंबईच्या लोकलमुळे स्थायिक झालेल्या कुटुंबांपाशी गावाकडचे सातबारा, खरेदीखते, सेवापुस्तिकेच्या प्रती असे दुसऱ्या प्रकारचे दप्तर असते. या सर्वांची भर आता भ्रमणध्वनीतील छायाचित्रांत पडली आहे.

हे सारे संगणकीय स्वरूपात घरीच सांभाळावयाचे, तर त्यासाठी साठवणीचा छोटा सर्व्हर उपयोगी पडतो. सर्व्हर म्हणजे घरातील सर्वांच्या फाइली एका ठिकाणी ठेवणारा आणि मागेल त्याला त्या पुरविणारा संगणक. त्यास पडदा वा कळफलक नसला तरी चालते. आत दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क बसविण्याची सोय असते. मूळ कागदाची जागा ही प्रत घेत नाही आणि मूळ दस्त फेकून देण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. पण मूळ नष्ट झाल्यास दस्त क्रमांक, दिनांक आणि कार्यालय यांचा माग प्रतीवरून लागतो व प्रमाणित नक्कल मागणे सुकर होते.

किती जागा लागेल ?

खरेदीपूर्वी हिशेब करावा. कागदाचे एक पान चांगल्या प्रतीचे स्कॅन केल्यास सुमारे १ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे दोन हजार पानांचे दप्तर २ गिगाबाइटमध्ये मावते. भ्रमणध्वनीतील एक छायाचित्र ४ मेगाबाइटचे धरले, तर वीस हजार छायाचित्रांना ८० गिगाबाइट लागतात. खरी भूक चलत्चित्रणाची. मिनिटाला १३० मेगाबाइट या मापाने ५० तासांचे चित्रण ३९० गिगाबाइटचे होते. एकंदरीत असे कुटुंब आज अर्ध्या टेराबाइटमध्ये आहे. वर्षाला १५० गिगाबाइटची भर धरली, तर दहा वर्षांनी गरज दोन टेराबाइटपर्यंत जाईल. दुकानदार पहिल्याच दिवशी चार मोठ्या डिस्क भरून पेटी देऊ करतो, तेव्हा हा हिशेब खिशात असावा. डिस्कवर ४ टेराबाइट लिहिलेले असूनही काही संगणक ३.६ दाखवितात, त्यात फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतात, संगणक १०२४ च्या.

जोडी आणि ताळा

हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. मोठ्या संगणक केंद्रांच्या प्रसिद्ध आकडेवारीनुसार तेथील शंभर डिस्कपैकी एक ते दोन वर्षभरात निकामी होतात. घरात धूळ, दमट हवा आणि विजेचे हेलकावे यांची भर पडते. एक डिस्क गेली तरी माहिती जाऊ नये यासाठी जादा डिस्क लावण्याच्या पद्धतींची पद्धतशीर मांडणी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली केली. त्यांनी दिलेले 'रेड' हे नाव आजही रूढ आहे.

यातील सर्वांत सोपी पद्धत जोडीची. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक बिघडली तरी दुसरी काम चालू ठेवते. दुसरी पद्धत तलाठ्याच्या वहीत बेरजेने ताळा घेण्यासारखी आहे. समजा, तीन रकान्यांत १२, ७ आणि ९ हे आकडे आहेत आणि चौथ्यात बेरीज २८ लिहिली आहे. मधला आकडा पुसला गेला, तर २८ मधून १२ आणि ९ वजा करून ७ परत काढता येतो. संगणक बेरजेऐवजी शून्य आणि एक यांचा निराळा हिशेब करतो, तत्त्व तेच. ४ टेराबाइटच्या चार डिस्क असतील, तर दोन जोड्यांत ८ टेराबाइट, एका ताळ्याने १२ आणि दुहेरी ताळ्याने ८ टेराबाइट जागा वापरास मिळते. दुहेरी ताळ्यात कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते, जोड्यांत प्रत्येक जोडीतील एकच.

एका ताळ्याच्या पद्धतीत जागा अधिक मिळते म्हणून तिचा मोह पडतो. पण बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसविल्यावर उरलेल्या सर्व डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगानेही ४ टेराबाइटला सुमारे साडेसात तास लागतात, व्यवहारात त्याहून अधिक. नेमक्या या काळात दुसरी जुनी डिस्क बंद पडली, तर ताळा जमत नाही. सर्व डिस्क एकाच दुकानातून एकाच घाणीतल्या घेऊ नयेत, हा जाणकारांचा आग्रह याच भीतीपोटी असतो. काही स्वस्त डिस्क कौले एकावर एक चढवावीत तसे मजकुराचे पट्टे चढवून लिहितात आणि पुनर्भरणीच्या वेळी फारच मंदावतात. माहितीपत्रकावर 'सीएमआर' हा उल्लेख पाहून घेतल्यास हा त्रास टळतो.

पुढे वाढ कशी करावयाची, हे आरंभीच ठरवावे लागते. ताळ्याच्या पद्धतीत सामान्यतः सर्वांत लहान डिस्कचे माप इतरांना लागू होते, त्यामुळे मोठी डिस्क घातली तरी तिचा काही भाग पडून राहतो. झेडएफएस या विश्वसनीय प्रणालीत ताळ्याच्या संचास एकेक डिस्क जोडण्याची सोय ओपनझेडएफएसच्या २.३ आवृत्तीत, जानेवारी २०२५ मध्ये आली. तोपर्यंत संच मोडून नव्याने मांडावा लागे. सर्वसाधारण कुटुंबास चार खणांची पेटी घेऊन प्रथम ४ टेराबाइटची एकच जोडी बसविणे पुरेसे आहे. तीन चतुर्थांश जागा भरली की दुसरी जोडी घालावी. त्यानंतर जुन्या जोडीतील डिस्क एकेक करून मोठ्या मापाच्या डिस्कने बदलता येतात. ट्रूनॅस व ओपनमीडियाव्हॉल्ट या विनामूल्य प्रणाली त्यासाठी उपलब्ध आहेत. पेटी सरासरी ४० वॅट वीज घेत असेल, तर वर्षाला सुमारे ३५० युनिट होतात, हा खर्चही हिशेबात धरावा. वीज अचानक गेल्यास पेटी व्यवस्थित बंद व्हावी म्हणून लहान यूपीएस आवश्यक आहे. अर्थिंग तपासल्याशिवाय पेटी जोडू नये.

पाणी सर्व डिस्क एकदमच बुडविते

जोडी असो वा ताळा, दोन्हींचा उपाय डिस्क बिघडण्यावर आहे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. चोर पेटी उचलून नेतो तेव्हा चारही डिस्क नेतो आणि पुराचे पाणी खण मोजत बसत नाही. असे असता जादा डिस्क लावली म्हणजे दप्तर सुरक्षित झाले, हा समज फार पसरलेला आहे. उल्हास खोऱ्यात तो महागात पडेल. पेटी तळमजल्यावर जमिनीलगत न ठेवता उंच फळीवर, आणि इमारतीत शक्य असेल तर वरच्या मजल्यावरील नातेवाइकांकडे ठेवावी. याखेरीज एका सुट्या डिस्कवर संपूर्ण प्रत घेऊन ती खोऱ्याबाहेर पाठवावी. पुण्याचे किंवा नाशिकचे उंचावरचे घर त्यास चांगले. कोकणातील मूळ गाव सोयीचे वाटते खरे, परंतु जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पाण्याखाली गेले होते, हे विसरता येत नाही. डिस्क दोन असाव्यात : एक तिकडे, एक येथे नवी प्रत घेण्यासाठी, गणपती आणि गुढीपाडव्याच्या भेटीगाठींत त्यांची अदलाबदल व्हावी. बाहेर जाणाऱ्या डिस्कला सांकेतिक कुलूप घालावे. महत्त्वाच्या कागदांपुरती लहानशी प्रत इंटरनेटवरील साठवणीतही ठेवता येते.

शाळा आणि ग्रामपंचायती यांनाही ही रीत लागू पडते. शाळेचे जनरल रजिस्टर जन्मतारखेच्या व जातीच्या पुराव्यासाठी कित्येक दशकांनंतर मागितले जाते. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेताना अशा दप्तरांची पाने उलटावी लागली. तेथे मात्र प्रत कोणाकडे राहील हे मुख्याध्यापकांनी किंवा ग्रामसेवकांनी लेखी ठरविणे इष्ट, कारण त्यांत लोकांची खासगी माहिती असते.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे आणि तो अद्याप वाचता येतो. हार्ड डिस्कची उमेद पाच-सात वर्षांची. म्हणून दर सहा महिन्यांनी बाहेरच्या प्रतीतून एखादी फाइल उघडून पाहावी, डिस्कच्या आरोग्याचा अहवाल वाचावा आणि वर्षे भरलेली डिस्क बिघडण्याची वाट न पाहता बदलावी. पेटीची मांडणी, डिस्क खरेदीचे दिनांक, बाहेरच्या प्रतीचा पत्ता आणि कुलपाचा संकेतशब्द एका कागदावर लिहून तो शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावा आणि घरातील किमान दोघांना दाखवून द्यावा.