बंद थीम म्हणजे काढलेली थीम नव्हे



ऊस विकासाच्या पानावर या खेपेला ऊस नाही, हे पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण आपल्यातले बरेच जण आता गूळ, काकवी आणि उसाची रोपे संकेतस्थळावरून विकतात. ते सांभाळायचे काम बहुधा घरातल्या शिकलेल्या पोराकडे असते. पोरगं पुण्याला नोकरीला गेलं की सगळं वाऱ्यावर! पासवर्डसुद्धा त्याच्याबरोबर जातो. त्यातल्या एकाच कामाविषयी आज लिहितो : नको असलेल्या थीम काढून टाकणे.

यातली पुष्कळ संकेतस्थळे वर्डप्रेस या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर उभी असतात. थीम म्हणजे संकेतस्थळाचा पेहराव. रंग, अक्षर, मांडणी सारे त्यात येते. गुळाचे दर, माहिती, फोटो वेगळ्या जागी साठवलेले असतात, म्हणून थीम काढली तर मजकूर जात नाही. वर्डप्रेसमध्ये थीमची सोय २००५ साली आली, आणि २०१० पासून जवळजवळ दर वर्षी त्या-त्या सालाच्या नावाची एक थीम मिळत गेली. त्यात हौसेने लावून पाहिलेल्या चार-पाच. वापरात एकच, बाकीच्या पडून.

"पडून आहेत तर असू द्या की, काय खातात?" असे मला एका सभासदाने विचारले. खातात, दादा. थीम वापरात नसली तरी तिच्या फायली सर्व्हरवर जागच्या जागी असतात, आणि त्यातल्या काही बाहेरून थेट उघडता येतात. २०११ साली टिमथंब या फोटो लहान-मोठे करणाऱ्या फाईलमध्ये मोठे छिद्र सापडले. ती फाईल कितीतरी थीमबरोबर आलेली होती, आणि थीम बंद असली तरी चोराला ती फाईल पुरत होती. २०१५ साली तर वर्डप्रेसच्या स्वतःच्या ट्वेंटी फिफ्टीन थीममध्ये नमुना म्हणून ठेवलेल्या एका पानात दोष निघाला. संकेतस्थळ चालवणाऱ्याला फसवून एका दुव्यावर क्लिक करायला लावले की काम फत्ते. त्याच वर्षी मे महिन्यात ४.२.२ ही आवृत्ती काढून तो दोष मिटवावा लागला. गवताळ वाढीचे बेट आपण नुसते कापून ठेवत नाही, मुळासकट उपटतो. तसेच हे.

आता रीत सांगतो. होस्टिंगवाल्याने प्लेस्क हे साधन दिले असेल तर डाव्या बाजूला 'वर्डप्रेस' दाबावे. आपल्या संकेतस्थळाचा चौकोन दिसेल. आधी तिथूनच बॅकअप घ्यावा, हे सोडू नये. मग 'थीम्स' उघडून नको त्यांच्यापुढे खूण करावी आणि 'रिमूव्ह' दाबून होकार द्यावा. चालू थीम हे साधन काढू देत नाही. तीच काढायची असेल तर आधी दुसरी चालू करावी लागते.

एक खबरदारी मात्र ध्यानात ठेवा. वरच्या पानावर जी 'थीम्स'ची वेगळी यादी आहे, ती तुमच्या खात्यातल्या सगळ्या संकेतस्थळांची मिळून आहे. गुळाचे एक आणि रोपवाटिकेचे एक अशी दोन असतील, तर तिथून काढलेली थीम दोन्हीकडून जाते. म्हणून एकेका संकेतस्थळात शिरूनच काम करावे.

दुसरी खबरदारी मी स्वतः तोंड पोळून शिकलो. काही थीम 'चाइल्ड' म्हणजे पोटची असते. ती मूळ थीमच्या जिवावर चालते. आमच्या ओळखीच्या एका गटाचे संकेतस्थळ साफ करताना मी फाईल मॅनेजरमध्ये शिरलो, मूळ थीम वापरात नाही असे समजून तिचा फोल्डर हाताने पुसला, आणि पान कोरे करकरीत! खोडव्याचे बुडखेच खणून काढल्यावर फुटवे कुठून येणार? दिवाळीच्या तोंडावर गुळाच्या मागण्या अर्धा दिवस बंद राहिल्या. बॅकअप होता म्हणून निभावले. तेव्हा चालू थीमच्या माहितीत मूळ थीमचे नाव आहे का, ते आधी बघा, असेल तर तिला हात लावू नका. आणि फाईल मॅनेजरमधून थीम पुसायच्या फंदात पडू नका.

चालू थीम, तिची मूळ थीम असल्यास ती, आणि वर्डप्रेसची सगळ्यात नवी एक थीम एवढे ठेवावे. चालू थीम कधी बिघडली तर ती नवी थीम उपयोगी पडते. बाकी सगळ्या काढाव्यात. ठेवलेल्या थीम वेळच्या वेळी अद्ययावत कराव्यात, नाहीतर त्याही बांधावरच्या गवतासारख्या होतात.

काम झाल्यावर मोबाईलवर संकेतस्थळ उघडून मागणीचा फॉर्म स्वतः एकदा भरून पाहावा. कुणाला जमत नसेल तर लागण नोंदीला गट ऑफिसात याल तेव्हा लॅपटॉप बरोबर आणा, आणि पोराला फोन करून पासवर्ड आधी लिहून घ्या.