उतारवयातील घोडीचे पुनर्वसन : पाचगणीच्या निमित्ताने

वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढला की पाचगणी लागते. निवासी शाळा आणि जांभ्या खडकाचे विस्तीर्ण पठार या दोन गोष्टींसाठी हे गाव सर्वांस ठाऊक आहे. पठाराला सारेजण टेबललँड म्हणतात. तेथे येणारे मूल प्रथम घोड्याकडे धावते, आणि आयुष्यातील पहिली रपेट अनेकांनी येथेच केलेली असते. या घोड्यांच्या पाठीवर काही कुटुंबांची वर्षाची भाकरी अवलंबून आहे, ही गोष्ट मात्र रपेट करणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येते.

हे घोडे येतात कोठून? काही स्थानिक तट्टे असतात, काही बाजारांतून आणलेली असतात. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची यात्रा आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा घोड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत. आणखीही एक वाट आहे. पुण्याच्या आसपास शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते आणि मुंबई व पुणे येथे शर्यती भरतात. शर्यतीतून निवृत्त झालेली घोडी पुढे पैदाशीसाठी ठेवली जाते. अकरा महिन्यांची गर्भावस्था, शिंगराचे संगोपन, पुन्हा गर्भधारणा, असे तिचे आयुष्य दहा-बारा वेतांपर्यंत चालते. सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर ती भाकड ठरते. घोड्याचे आयुष्य पंचवीस वर्षांच्या घरात असते, म्हणजे अजून सात-आठ वर्षे तरी तिला जगावयाचे असते. या वर्षांत तिला कोण सांभाळणार, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. ती हातोहात विकली जाते, आणि एखाद्या दिवशी रस्त्याकडेला हाडांचा सापळा होऊन उभी असलेली दिसते.

अशी घोडी एखाद्या प्राणिमित्र संस्थेने किंवा पोलिसांनी सोडविली, तर तिला पुन्हा माणसांत आणून सौम्य रपेटीच्या कामास लावता येईल काय? पुष्कळ वेळा येते. पण त्यासाठी चार ते सहा महिन्यांचा काळ द्यावा लागतो, आणि नेमका तोच कोणापाशी नसतो. पठाराच्या पायथ्याशी एका घोडेवाल्याशी बोलत असता तो म्हणाला, "साहेब, रोजचं खाणं खोगीर घातल्याशिवाय कुठनं येणार?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक येईनासे झाले तेव्हा घोड्यांची चंदी विकत घेणे किती कठीण होते, हे या भागाने अनुभवले आहे. पुनर्वसनाचा विचार करताना हा हिशेब डोळ्यांआड करून चालणार नाही.

आधी कागद, मग दावण

सोडविलेली घोडी कोणाच्या मालकीची, हे प्रथम ठरले पाहिजे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार जनावराला पुरेसे अन्नपाणी न देणे किंवा ते उपाशी मरेल अशा रीतीने सोडून देणे हा गुन्हा आहे. (पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्याने ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. १९६० साली पन्नास रुपयांना काही किंमत होती.) गुन्हा नोंदवून घोडी जप्त झाली की ती मुद्देमाल ठरते. अशा जनावरांची देखभाल कशी व्हावी यासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नियम झाले आहेत. त्यांनुसार खटला चालू असेपर्यंत जनावर पांजरपोळ, प्राणिकल्याण संस्था यांसारख्या ठिकाणी ठेवता येते आणि खर्चाची जबाबदारी आरोपीवर टाकता येते. निकाल लागेपर्यंत मात्र ती घोडी कोणासही कायमची देता येत नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गावात बेवारस घोडी आढळली तर चांगल्या हेतूने का होईना, ती परस्पर कोणाच्या दावणीला बांधू नये. पोलीस ठाण्यास कळवावे, पशुधन विकास अधिकाऱ्याकडून तपासणी करून घ्यावी आणि पंचनामा व्हावा. पुढे उद्भवणारे तंटे त्यामुळे टळतात.

तपासणीचा आग्रह धरण्यास पाचगणीत आणखी एक कारण आहे. २००६ साली पुणे व पाचगणी भागातील घोड्यांत ग्लँडर्स हा रोग आढळून आला. नाकातून चिकट स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, अंगावर व पायांवर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे होत. तो घोड्यापासून माणसासही होऊ शकतो. बाधित घोड्यावर उपचार करीत बसण्याची मुभा नाही. त्यास मारून त्याची शास्त्रोक्त विल्हेवाट लावावी लागते. ज्याचे पोट दोन घोड्यांवर चालते त्याच्या घरात असा एक घोडा निघाला तर काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. म्हणून बाहेरून आलेली प्रत्येक घोडी निदान तीन आठवडे इतर घोड्यांपासून दूर ठेवावी. तिचे पाण्याचे भांडे, तोबरा व खरारा वेगळा असावा. रक्ताचा नमुना हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या मान्य प्रयोगशाळेकडे पशुसंवर्धन विभागामार्फत पाठवावा आणि अहवाल येईपर्यंत धीर धरावा. याच मुदतीत धनुर्वाताची लस, जंतनाशक औषध आणि दातांची तपासणी उरकून घेता येते. घोडी गाभण आहे किंवा नाही हेही पाहावे. पैदाशीच्या घोडीबाबत ही शक्यता नेहमीच असते आणि भरलेले पोट पुष्कळदा केवळ ढिले पोट म्हणून सोडून दिले जाते.

वयाचा अंदाज दातांवरून येतो. वरच्या जबड्यातील कोपऱ्याच्या पुढच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ एक खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत व विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोचते. हा अंदाजच होय. परंतु "आठ वर्षांची आहे" असे सांगून विकलेल्या घोडीच्या दातावर ही खाच अर्ध्याहून खाली उतरलेली असेल, तर बोलणे तेथेच थांबवावे.

दयेपोटी होणारी चूक

उपाशी घोडी घरी आली की माणसाचे मन द्रवते. हरभऱ्याची चंदी, गव्हाचा कोंडा, गूळ असे सारे तिच्यापुढे येते. ती अधाशासारखे खाते आणि तीन-चार दिवसांनी अचानक कोसळते. लोक म्हणतात, फार उशीर झाला होता. खरे पाहता पुष्कळदा ती या खाण्यानेच मरते. दीर्घ उपासमारीत शरीराने चरबी व स्नायू जाळून दिवस काढलेले असतात. एकदम पिष्टमय खाणे मिळाले की रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये झपाट्याने पेशींत ओढली जातात आणि हृदयाचे काम बिघडते. याखेरीज अशा चंदीमुळे खुरांच्या आतील पडद्यास सूज येऊन जनावर कायमचे लंगडे होण्याचाही धोका असतो.

यावर उपाय स्वस्त आहे. पहिले तीन दिवस चांगल्या प्रतीची वाळविलेली लसूणघास सुमारे अर्धा किलो, दर चार तासांनी द्यावी. रात्रीची पाळीही चुकवू नये. चौथ्या दिवसापासून प्रमाण हळूहळू वाढवीत दहाव्या दिवसापर्यंत दिवसाला सहा किलोवर आणावे आणि पाळ्यांतील अंतर आठ तासांचे करावे. त्यानंतर ती खाईल तितकी वैरण द्यावी. हे प्रमाण मोठ्या चणीच्या घोडीसाठी आहे. लहान तट्टासाठी ते पशुवैद्यकाने ठरवावे. स्वच्छ पाणी सतत समोर असावे. धान्याची चंदी अंग धरू लागल्यावरच व तीही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करावी. हरवलेले वजन भरून येण्यास तीन ते पाच महिने लागतात.

सुधारणा डोळ्यांनी नव्हे तर हाताने पाहावी, कारण केसाळ कातडीखाली बरगड्या लपतात. अश्वतज्ज्ञ यासाठी १ ते ९ अशी श्रेणी वापरतात. १९८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. श्रेणी १ म्हणजे अस्थिपंजर, ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत परंतु हाताला लागतात. श्रेणी ४ च्या खाली असलेल्या घोडीच्या पाठीवर खोगीर चढवू नये.

वजनाचा अंदाज शिंप्याच्या फितीनेही येतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत अंगाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६० व लांबी १५० असेल तर उत्तर सुमारे ३२३ किलो येते. शिक्षकांना गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घेता येईल.

पाठ आणि आठवण

दहा वेते झालेल्या घोडीचे पोट सुटलेले व पाठ मधोमध बसलेली असते. पाठीला आधार देणारे पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात. म्हणून खोगिराच्या आधी चालणे आले. पहिला महिना केवळ विश्रांती व खरारा. दुसऱ्या महिन्यात म्होरकीला दोर लावून सपाटीवर पंधरा-वीस मिनिटे चालवावे, तिसऱ्यात सौम्य चढावर. चढणीने मागच्या अंगाचे व पाठीचे स्नायू भरतात, आणि पाचगणीत चढणीला तोटा नाही. लांब दोरीवर गोल फिरविण्याचा मोह आवरावा; म्हाताऱ्या सांध्यांना वळणे सोसत नाहीत. खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून साळून घ्यावेत.

काम जूनमध्ये हाती घेतले तर पाचगणीचा पाऊस सोयीचा ठरतो. रपेटीचा धंदा तेव्हा थंडावलेला असतो आणि दिवाळीपर्यंत पाच महिने मिळतात. मात्र ओल्या जमिनीत खूर कुजतो आणि भिजलेल्या पाठीवर खपल्या धरतात. कोरडी, उंच, वारा खेळती जागा नसेल तर हा सारा बेत व्यर्थ होय.

चौथ्या महिन्यात खोगीर दाखवावे. येथे शर्यतीच्या घोडीची एक अडचण समजून घेतली पाहिजे. ती पाठीवर बसवून घेणे विसरलेली नसते. पण तिला आठवते ते शर्यतीचे बसणे. तेथे चालत्या घोडीवर स्वारास उचलून बसविले जाते, तेव्हा रिकिबीत पाय ठेवून माणूस चढेपर्यंत स्थिर उभे राहणे तिला माहीत नसते. तेथे लगामावरचा घट्ट ताण हा पुष्कळदा धावण्याचाच भाग असतो. घाबरलेला पर्यटक लगाम आवळून धरतो आणि घोडी अधिक वेगाने निघते. मग ती "मस्तवाल" म्हणून बदनाम होते. म्हणून नुसते उभे राहणे, लगाम सैल असता चालणे आणि आवाजाने थांबणे हे तीन धडे रोज द्यावेत. पहिला स्वार हलका व जाणता असावा आणि दहा मिनिटांत उतरावा. उतरल्यावर खोगिराखालील घाम पाहावा. ओल्या पाठीवर मधेच कोरडा डाग असेल तर तेथे खोगीर दाबत आहे. जुन्या जखमांच्या जागी पांढरे केस आलेले असतात, तेही पाहून ठेवावे.

घोडी वर्षानुवर्षे कळपात राहिलेली असते. एकटीला बांधले तर ती खिंकाळत राहते, खाणे टाकते. शेजारी एखादे शांत जनावर असावे. उन्हाळ्यात ती सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने माजावर येते आणि त्या दिवसांत चिडकी होते. ते दिवस तिला सुट्टी द्यावी. विशेषतः जवळ खच्ची न केलेला घोडा असेल तर मुलांना तिच्यावर बसवूच नये.

नवे घर कसले असावे

घोडीने खोगिरासह आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत भार वाहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. वर मोजलेल्या ३२३ किलोच्या घोडीसाठी ही मर्यादा ६५ किलोच्या आत येते. आठ-दहा किलोचे खोगीर वजा केले तर प्रौढ माणूस बसण्यास जागा उरतच नाही. उतारवयात तर सहावा हिस्सा पुरे. तेव्हा अशा घोडीचे योग्य घर म्हणजे मुलांना घोडेस्वारी शिकविणारी शाळा, अथवा एक-दोन घोडी घरच्या मुलांसाठी पाळणारे शेतकरी कुटुंब. पठारावर हंगामात दिवसभर फेऱ्या मारण्याचे काम तिला देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम दिवसाला नऊ तासांची व सलग पाच तासांची कमाल मर्यादा घालतात. म्हाताऱ्या घोडीला त्याच्या निम्मेही काम झेपणार नाही. दिवसाला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन रपेटी आणि आठवड्यात एक पूर्ण विश्रांतीचा दिवस, एवढेच तिचे बळ.

काही घोड्या मुळीच स्वारीस येत नाहीत. पाठीवर हात ठेवताच अंग चोरणारी, पहिल्या पावलालाच लंगडणारी, दृष्टी गेलेली, किंवा पाच महिन्यांनंतरही माणूस दिसताच कान मागे टाकून दात दाखविणारी घोडी नवख्या स्वाराच्या हाती देणे हे दोघांवरही संकट आणणे होय. अशा घोडीला कळपात सोबतीण म्हणून ठेवता येते. तरुण शिंगरे बुजरी असली की वयस्क घोडीच्या संगतीने ती निवळतात. पैदाशीच्या घोडीला हे काम शिकवावे लागत नाही.

घोडी देताना लेखी करार करावा. त्यात तिचे वर्णन, अंदाजे वय, जुन्या जखमा, तपासणीचे अहवाल, कमाल भार आणि रोजच्या कामाची मर्यादा लिहावी. पुन्हा पैदाशीस लावणार नाही, दुसऱ्यास विकणार नाही आणि सांभाळणे अशक्य झाल्यास देणाऱ्याकडेच परत करीन, ही तीन कलमे त्यात असलीच पाहिजेत. वाहनाने नेताना प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सोबत असावे. नव्या घरी पहिले चौदा दिवस जुनीच वैरण थोडी थोडी मिसळून द्यावी. घोडी देणाऱ्याने पहिल्या महिन्यात एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा, न कळविता, जाऊन यावे. खूर उचलून पाहावेत, बरगड्यांवरून हात फिरवावा आणि तिच्या पाण्याचे भांडे भरलेले आहे की नाही हे पाहावे.