दारातली भाजी : बी पेरल्यापासून ताटात येईपर्यंत

आपल्या वस्तीत घराला अंगण असतेच असे नाही. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, पुढे अरुंद ओटा आणि त्याला लागून गटार. अशा घरात भाजी कुठे लावायची, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. पण दिवसातून चार तास ऊन येणारी दीड हात जागा मिळाली तरी पालेभाजी येते. ओट्याची कड, खिडकीची जाळी, जिन्याची पायरी, विहाराच्या गच्चीचा कोपरा, काहीही चालते. भेंडी, मिरची, टोमॅटो अशा फळभाज्यांना मात्र सहा तास ऊन लागते. सावलीत त्यांची नुसती पाने वाढतात, फळ धरत नाही.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण रक्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण ६७ टक्के होते. म्हणजे नळावर दहा जणी उभ्या असतील तर त्यातल्या पाच-सहा जणी. जिना चढताना धाप लागते, कामात लक्ष लागत नाही, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण त्याला ‘जरा अशक्तपणा’ म्हणतो आणि कामाला लागतो. त्यात घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवते. तिच्या वेळेला पातेल्यात भाजी उरलेली नसते, नुसता रस्सा असतो.

चार डब्यांतल्या भाजीने घराचा बाजार बंद होणार नाही आणि कमी झालेले रक्त एकट्या भाजीने भरून निघणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण आठवड्यातून दोन वेळा ताजा पाला मिळतो. तो किती वाढला, कधी कापायचा हे आपल्या हातात राहते. आणि त्यासाठी मुख्य काम आहे ते रोज बघण्याचे. पेरायला दहा मिनिटे लागतात. पुढचा महिनाभर सकाळी पाच मिनिटे डब्यापाशी उभे राहायचे, एवढाच हा अभ्यास आहे.

सुरुवात मेथीपासून करा. बियाणे विकत आणायला नको, मसाल्याच्या डब्यातले मेथीदाणे चालतात. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आडवा ठेवून वरची बाजू कापून घ्या आणि कडा हातोडीने आत वळवा, म्हणजे मुलांचे हात कापणार नाहीत. तळाला खिळ्याने आठ-दहा भोके पाडा. भोके नसतील तर पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. सिमेंटची रिकामी गोणी झटकून, धुऊन वापरता येते. रंगाचे, फवारणीच्या औषधाचे किंवा कारखान्यातल्या रसायनाचे डबे-ड्रम मात्र कितीही धुतले तरी घेऊ नका. माती गटाराच्या काठची, कचरा जाळतात तिथली किंवा गॅरेजमागची नको. अशा मातीत शिसे असू शकते, आणि पालेभाजीतून ते आपल्या आणि लेकरांच्या पोटात जाते. दोन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मुठी वाळू एवढे पुरे. शेण ताजे असले तर त्याच्या उष्णतेने कोवळे मूळ जळते.

मेथीदाणे रात्री भिजत घाला. सकाळी मातीवर पसरा, वर नखाएवढ्या जाडीचा मातीचा थर द्या आणि हाताने पाणी शिंपडा. तांब्याने ओतलेत तर दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मातीला बारीक भेगा पडतात. मुलांना हे जरूर दाखवा. कोंब सरळ वर येत नाही, मान वाकवून येतो. वाकलेला भाग माती ढकलतो आणि आतली कोवळी पाने घासली जात नाहीत. बाहेर आल्यावर मान सरळ होते आणि दोन गुळगुळीत, लांबट पाने उघडतात. ही दाण्याचीच दोन दळे आहेत. त्यांच्यात शिदोरी भरलेली असते आणि पहिला आठवडा रोप तिच्यावर जगते. म्हणून या दिवसांत वरून खत घालण्याची घाई करू नये. त्यानंतर पहिले खरे पान येते ते एकटे. पुढची सगळी पाने तीन-तीन पत्र्यांची, आपण बाजारात ओळखतो तशी. हा फरक सातवी-आठवीच्या मुलीला वहीत काढायला सांगा. शाळेतल्या विज्ञानाच्या धड्यापेक्षा तो जास्त लक्षात राहील.

दुसऱ्या आठवड्यात रोप बोलू लागते. ते लांब, फिकट आणि एकाच बाजूला झुकलेले दिसले तर त्याला ऊन कमी पडते आहे. डबा उन्हाकडे सरकवा, रोज थोडा फिरवत जा. काही रोपे मातीलगत बारीक होऊन आडवी पडली तर पाणी जास्त झाले आहे किंवा दाणे फार दाट पडले आहेत. ही रोपमर बुरशीमुळे होते. पडलेली रोपे काढून टाका, दोन दिवस पाणी थांबवा. पाणी द्यायचे की नाही हे घड्याळावर ठरवायचे नाही. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर नको, कोरडे लागले तर द्या. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी उत्तम. साबणाचे पाणी नको, आणि गटाराचे तर कधीच नको. त्यातून हगवणीचे जंतू थेट पाल्यावर येतात.

दाटी झालेली रोपे दहा-बारा दिवसांनी उपटून विरळ करा. उपटलेली फेकू नका, धुऊन वरणात घाला. मुंबईत समुद्रमेथी म्हणून छोट्या जुड्या मिळतात, ती हीच कोवळी मेथी. बाकीची साधारण पंचवीस ते तीस दिवसांत वीतभर होते. फूल यायच्या आत कापायची, कारण फूल आले की पाने निबर आणि जास्त कडू होतात. मुळासकट न उपटता बुडाशी दोन बोटे राखून कापली तर तीच रोपे पुन्हा फुटतात. दुसऱ्या वेळी पाला थोडा कमी येतो. मेथीला थंडी मानवते. दिवाळीपासून होळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकेक डबा पेरत गेले तर हात रिकामा राहत नाही. एका डब्यात एका वेळी लहानशी जुडी होते, त्याहून जास्त अपेक्षा धरू नये.

एक जुनी वही या कामाला ठेवा. कधी पेरले, कधी उगवले, पहिले तीन पत्र्यांचे पान कधी आले, कधी कापले आणि भाजी कोणाकोणाच्या ताटात गेली. हा शेवटचा रकाना मुद्दाम ठेवायचा आहे. महिन्याने तो वाचून बघा, घरात कोणाच्या वाट्याला काय येते ते आपोआप कळते.

पावसाळ्यात मेथी पाण्याने झोडपली जाते आणि कुजते. तेव्हा भेंडी. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्या सुमारास पेरली तर भाद्रपदात भाजी हाती येते. सिमेंटच्या गोणीत दोन-दोन बिया टाका, पुढे जोमदार रोप ठेवून दुसरे काढा. दुकानातल्या पुडीतले बी गुलाबी किंवा हिरवे दिसले तर त्याला औषध चोळलेले असते. ते तोंडात घालू नये, मुलांच्या हाती देऊ नये, पेरल्यावर हात धुवावेत. पाच-सात दिवसांत कोंब येतो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पहिले फूल दिसते, फिकट पिवळे आणि आत गडद जांभळट. ते सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. नीट बघितले तरच दिसते, म्हणून तो सोहळा चुकवू नका. फूल मिटल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी बोटाएवढी होते. शेंडा कट्‌कन मोडला तर कोवळी, वाकला तर निबर. एक दिवसाआड तोडत राहावे लागते. झाडावर एखादी भेंडी जून झाली की झाडाची ताकद तिच्या बियांकडे वळते आणि नवी फुले कमी होतात.

पत्र्यावर चढवायला दुधीचा वेल चांगला. पत्र्यावर सावली पडते, खोली थोडी कमी तापते. वेलाला सुरुवातीला नुसती नर फुले येतात आणि गळून पडतात. बायका घाबरतात, ‘वेल वांझ आहे’ म्हणून उपटूनही टाकतात. (वांझ हा शब्द वेलीलाही लावू नये आणि बाईला तर नाहीच.) थोडे थांबा. मादी फूल मागून येते आणि त्याच्या खाली बारीकसा दुधी आधीच दिसतो. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. दाट वस्तीत कीटक कमी असतील तर तेव्हाच नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी टेकवावा. दोन-चार दिवसांत बारका दुधी फुगायला लागला तर जमले. पिवळा पडून गळला तर परागीभवन झाले नाही असे समजायचे. आणखी एक, आणि हे विसरू नका. दुधी कापल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर तो शिजवूही नका, त्याचा रस तर मुळीच नाही. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत. रस पिऊन उलट्या, पोटात कळा किंवा रक्त पडू लागले तर घरी उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.

रोज बघताना पान उलटून बघायची सवय लावा, कारण मावा आणि पांढरी माशी पानाच्या मागे बसतात. थोडा मावा असेल तर पाण्याची जोरदार चूळ किंवा बोटाने पुसणे पुरते, वाढला तर निंबोळी अर्क. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो हळद्या रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरणारा. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाका म्हणजे बाकीची वाचतील. मिरचीची पाने आकसून वाकडी झाली तर तो चुरडामुरडा, त्याचेही तेच. आपण खायच्या पाल्यावर बाजारातले जहाल कीटकनाशक मारायचे असेल तर घरी भाजी लावण्यात काही अर्थ उरत नाही.

डब्याखाली ठेवलेल्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. दर आठवड्याला ताटली उलटी करून घासून कोरडी करा. झाडांसाठी भरून ठेवलेली बादलीही झाकलेली हवी.

आता ताटाकडे येऊ. पाला आधी तीन पाण्यांत धुवा, मग चिरा. चिरून धुतला तर जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. पाल्यातले लोह शरीर थोडेच शोषून घेते. त्याच जेवणात लिंबू, कच्चा टोमॅटो किंवा आवळा असला तर ते जास्त शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी होते. म्हणून चहा जेवणाच्या आधी-नंतर निदान एक तास दूर ठेवा. वस्तीत चहा-चपाती हेच अनेकींचे सकाळचे जेवण आहे, तिथे ही सवय बदलणे सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगाचे आहे. फोडणीला चमचाभर तेल हवेच, कारण पाल्यातले अ जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही. पालक चांगलाच, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे त्याचे लोह कमी मिळते. मेथी, चवळीचा पाला, शेवग्याची पाने यांच्याशी तो आलटून पालटून करा. आणि वाढताना भाजी आधी गरोदर सुनेला, बाळंतिणीला, वयात आलेल्या मुलीला वाढा. सासूबाईंनी हा क्रम एकदा लावला की घरात कोणी वाद घालत नाही.

मातीत हात घातल्यावर साबणाने हात आणि नखे धुवायची, अनवाणी मातीत जायचे नाही. मातीतल्या हुकवर्मची अळी पायाच्या कातडीतून शिरते, आतड्यात जाऊन रक्त पिते. मग कितीही मेथी खाल्ली तरी उपयोग नाही. मुलांना जंतनाशक गोळी शाळेत-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास मिळते, तो दिवस चुकवू नका.

थकवा आणि धाप असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. साध्या बाईचे १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. गरोदरपणात लोहाची लाल गोळी रोज एक, १८० दिवस. शौचाला काळे होते, मळमळते म्हणून बायका ती सोडून देतात. काळे होणे धोक्याचे नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या आणि आशाताईंना सांगा. विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आढळतो, तिथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. रक्त कमी असण्याचे कारण सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या आणि गोळ्यांचे डॉक्टरांना विचारा. घरची पालेभाजी मात्र त्या रुग्णालाही चालते, त्यातले फोलिक आम्ल नवे रक्त तयार व्हायला लागते. हिमोग्लोबिनचा आकडा मिळाला की तो भाजीच्या त्याच वहीत तारखेसह लिहा आणि पुढची तपासणी कधी आहे तेही डॉक्टरांना विचारून तिथेच टिपून ठेवा.